कोहो सामन, व्हिब्रिओ ७७५ आणि पळवलेले लोह : एक प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीत १९७० च्या दशकात कोहो सामन तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवायला सुरुवात झाली. पिल्ले गोड्या पाण्यात वाढवायची आणि वयात आली की खाऱ्या पाण्यात सोडायची, अशी पद्धत. समुद्राचे पाणी उन्हाळ्यात तापू लागले की पिंजऱ्यांत मरतूक सुरू होई. मासा काळवंडतो, खाणे सोडतो, परांच्या बुडाशी आणि तोंडाभोवती रक्त साकळून लाल चट्टे पडतात, डोळे बाहेर येतात. पोट फाडले तर प्लीहा सुजलेली, आतडे पिवळट द्रवाने भरलेले. कल्ले मात्र फिके पडलेले. बाहेर लाली आणि कल्ल्यांत फिकेपणा, या विसंगतीतच पुढच्या साऱ्या उलगड्याचे बीज आहे.

रोग होता व्हिब्रिओसिस आणि जिवाणू व्हिब्रिओ अँग्विलॅरम. हा काही नवा पाहुणा नव्हता. युरोपात ईल माशांच्या ‘लाल रोगा’शी त्याचे नाव एकोणिसाव्या शतकापासून जोडलेले होते. अडचण वेगळीच होती. पिंजऱ्यांतून आणि आसपासच्या पाण्यातून वेगळे केलेले वाण जैवरासायनिक चाचण्यांत एकमेकांपासून ओळखू येत नसत, पण माशाला टोचले की काही वाण थोड्याशा मात्रेत मारत, तर काही प्रचंड मात्रेतही जेमतेम त्रास देत. ७७५ या क्रमांकाचा वाण पहिल्या गटातला. आजारी कोहो सामनमधूनच तो मिळाला होता.

१९७७ मध्ये जॉर्ज क्रोसा, मायकेल शिवी आणि स्टॅन्ली फाल्को यांनी दाखवले की मारक वाणांत एक मोठे प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे वेगळे कडे) सापडते आणि सौम्य वाणांत ते नसते. ७७५ मधल्या प्लाझ्मिडला पीजेएम१ नाव मिळाले. आता ‘जिथे प्लाझ्मिड तिथे रोग’ हा निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची ठरली : त्याच ७७५ मधून प्लाझ्मिड घालवून एच७७५-३ हा वाण तयार केला. बाकी सगळे तेच, फक्त प्लाझ्मिड गेलेले. अर्धे मासे मारायला लागणारी मात्रा, म्हणजे एलडी५०, या वाणासाठी हजारो पटींनी वाढली. १९८० मध्ये क्रोसा यांनी कारणही मांडले. विष नाही, चिकटून राहण्याची खास क्षमता नाही. प्लाझ्मिड जिवाणूला देते ती लोह मिळवण्याची यंत्रणा. माशाला आधी फेरिक अमोनियम सायट्रेट टोचून लोह सहज उपलब्ध करून दिले, तेव्हा प्लाझ्मिड नसलेला वाणही कमी मात्रेत मारक ठरला. ज्याची उणीव होती ते बाहेरून पुरवल्याबरोबर उणीव भरून निघाली. या प्रकरणातला सर्वांत सुंदर पुरावा हाच.

लोहाची एवढी टंचाई का, हे आकड्यांनीच समजते. हवा असलेल्या, साधारण उदासीन पाण्यात लोह फेरिक रूपात असते आणि हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसते. फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार १० च्या उणे ३९ व्या घाताच्या आसपास आहे. सामू ७ असताना हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण १० चा उणे ७ वा घात. त्याचा घन म्हणजे उणे २१ वा घात. भागाकार केला की मोकळे फेरिक लोह उरते लिटरमागे १० च्या उणे १८ व्या घाताइतके मोल, म्हणजे सुमारे ६ लाख आयन. एका जिवाणूपेशीला विभागण्याआधी साधारण एक लाख ते दहा लाख लोहअणू लागतात. थोडक्यात, एका पेशीच्या एका संसाराला जवळजवळ लिटरभर द्रव निपटून काढावा लागेल.

माशाच्या रक्तद्रवात एकूण लोह याहून कितीतरी जास्त असते. पण ते ट्रान्सफेरिनच्या ताब्यात असते. साधारण ८० किलोडाल्टनचे हे प्रथिन दोन लोहअणू धरते आणि निरोगी स्थितीत त्याच्या बऱ्याच जागा रिकाम्या असतात, त्यामुळे सुटलेला अणूही लगेच उचलला जातो. संसर्ग झाला की मासा पहारा आणखी कडक करतो : हेप्सिडिन हे लोहावर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक वाढते, पेशींमधून रक्तात लोह सोडणारे दार बंद होते, रक्तद्रवातले लोह घटते. कोहोच्या बाबतीत एक लक्षणीय नोंद आहे. ट्रान्सफेरिनच्या वेगवेगळ्या जनुकरूपांचे कोहो जिवाणूजन्य वृक्करोगाला वेगवेगळा प्रतिकार करतात, असे १९७७ मध्येच दिसले होते. एए रूपाचे मासे सर्वांत लवकर बळी पडले. तो रोग आणि जिवाणू वेगळा, पण लोहाचा रखवालदार कोण आहे यावर माशाचे भवितव्य ठरू शकते, हे त्यातून कळते.

७७५ या पहाऱ्यातून मार्ग काढतो तो अँग्विबॅक्टिन नावाच्या छोट्या रेणूने. वजन फक्त ३४८ डाल्टन, म्हणजे ट्रान्सफेरिनच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. तो तीन तुकड्यांचा बनलेला आहे : डायहायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल, सिस्टेइन या अमिनो आम्लापासून झालेले थायाझोलीन कडे, आणि हायड्रॉक्सिहिस्टॅमिन. हिस्टॅमिन तयार करायला जिवाणू हिस्टिडिनचा कार्बोक्सिल गट काढून टाकतो आणि ते करणाऱ्या विकराचे जनुकही त्याच प्लाझ्मिडवर आहे. जोडणीचे काम रायबोसोम करत नाही. मोठी बहुखंडी विकरे एकेक तुकडा पकडून पुढे सरकवतात, कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासारखी. तयार रेणूत लोह पकडायला कॅटेकॉल आणि हायड्रॉक्सॅमेट अशा दोन्ही धाटणीच्या जागा असतात. अशा लोहग्राही रेणूंना सायडेरोफोर म्हणतात. जिवाणूला ट्रान्सफेरिनला शिवावेही लागत नाही. तो सायडेरोफोर बाहेर सोडतो, रेणू ट्रान्सफेरिनकडचे लोह काढून घेतो आणि परत येतो.

पण परत आलेला माल आत घेणे हे अर्धे काम अजून बाकीच असते, आणि विद्यार्थ्यांच्या आकृत्यांत नेमका तोच भाग घाईने उरकलेला दिसतो. लोह धरलेले अँग्विबॅक्टिन जिवाणूच्या बाह्यपटलातल्या साध्या छिद्रांतून शिरत नाही. त्याच्यासाठी फॅट-ए हा ८६ किलोडाल्टनचा खास ग्राही असतो. बाह्यपटलाजवळ ऊर्जेचा साठा नसल्यामुळे दार उघडायला लागणारी ताकद आतल्या पटलातून पोचवावी लागते. ते काम टॉनबी-२, एक्सबीबी-२ आणि एक्सबीडी-२ ही प्रथिने टीटीपीसी या साथीदारासह करतात. या जिवाणूत टॉनबीच्या दोन यंत्रणा आहेत आणि अँग्विबॅक्टिनसाठी दुसरीच लागते. ती मोडली तर फॅट-ए शाबूत असूनही लोह आत येत नाही. दोन पटलांच्या मधल्या जागेत फॅट-बी ते उचलतो आणि आतल्या पटलातल्या फॅट-सी व फॅट-डी यांच्या वाटेने एटीपी खर्चून पेशीत पोचवतो.

बनवणे आणि आत घेणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे उत्परिवर्ती वाणांनी स्पष्ट केले. काही वाण अँग्विबॅक्टिन बनवू शकत नव्हते, पण ग्राही शाबूत होता. काहींचा ग्राही मोडलेला, पण अँग्विबॅक्टिन भरपूर. एकेकटे टोचले तर दोन्ही दुबळे. बनवू न शकणारा वाण मात्र मूळ ७७५ सोबत त्याच माशात सोडला की तगून राहतो, कारण शेजाऱ्याने सोडलेला रेणू त्याला वापरता येतो. ग्राही नसलेल्याला ही उधारी मिळत नाही. म्हणजे सायडेरोफोर हा माशाच्या अंगात खरोखर फिरतो आणि जिवाणूंमध्ये सामायिक मालासारखा वापरला जातो. प्रयोगशाळेतल्या नळीपुरती ही गोष्ट नाही.

या साऱ्या यंत्रणेचा खर्च मोठा आहे, म्हणून ती सतत चालू नसते. पेशीत लोह पुरेसे असले की फर हे प्रथिन ते धरून डीएनएवर बसते आणि जनुके बंद होतात. त्याखेरीज आणखी बारीक हिशेब आहे. वहनाची जनुके आणि अँग्विबॅक्टिन बनवण्यातले अँग-आर हे जनुक एकाच ओळीत, एकाच एमआरएनएवर येतात. पण ग्राहीच्या प्रती पुष्कळ लागतात आणि विकर थोडेच पुरते. मग आरएनए-बीटा हा उलट्या दिशेने लिहिला जाणारा छोटा आरएनए बहुतेक प्रती फॅट-ए संपल्यावरच तोडतो. त्यामुळे पुढचा भाग कित्येक पटींनी कमी तयार होतो. कोणत्या वस्तूला किती माल लागणार हे जिवाणू एमआरएनएच्या पातळीवरच ठरवतो.

२००३ मध्ये पीजेएम१ चा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला : ६५,००९ बेसजोड्या, आणि त्यांतला मोठा भाग लोहाच्याच कामाला वाहिलेला.

इथपर्यंत प्रकरण सरळ वाटते : एक प्लाझ्मिड, एक रेणू, एक रोग. मात्र तसे धरून चालले तर निदान चुकते. प्लाझ्मिड नसलेले, तरीही मारक वाण होतेच, विशेषतः ओ-२ सिरोगटात (सिरोगट म्हणजे बाहेरच्या शर्करांवरून प्रतिपिंडांनी ओळखला जाणारा गट). पीजेएम१ सारखी प्लाझ्मिडे ओ-१ गटातच आढळतात. ओ-२ वाण व्हँक्रोबॅक्टिन नावाचा वेगळा सायडेरोफोर बनवतात आणि त्याची जनुके गुणसूत्रावर असतात. स्पेनमधल्या सान्तियागो दे कॉम्पोस्तेला इथल्या संशोधकांनी त्याची रचना उलगडली. त्यात तेच डायहायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल आहे, जोडीला आर्जिनिन आणि सेरिन. आणखी रंजक म्हणजे ७७५ च्या गुणसूत्रावरही ही जनुके आहेत, पण त्यांतल्या व्हॅब-एफ मध्ये एक उडता तुकडा (डीएनएत जागा बदलू शकणारा) घुसून ते निकामी झाले आहे. हाच तुकडा पीजेएम१ वरही आहे. २००८ मध्ये तो काढून टाकल्यावर ७७५ पुन्हा व्हँक्रोबॅक्टिन बनवू लागला. दोन्हींत अँग्विबॅक्टिनची लोहावरची पकड अधिक घट्ट निघाली. प्लाझ्मिड आले, त्याने चांगले हत्यार दिले आणि जाता जाता घरातले जुने हत्यार मोडून ठेवले, असा हा क्रम दिसतो.

त्याहीपुढे, स्पेनच्या गॅलिसियातल्या टर्बट माशांकडून मिळालेला आरव्ही२२ हा वाण व्हँक्रोबॅक्टिनबरोबर पिसिबॅक्टिन हा आणखी एक सायडेरोफोरही बनवतो, आणि पाणी थंड असताना पिसिबॅक्टिनच्या यंत्रणेवरच त्याची मुख्य भिस्त असते. पिसिबॅक्टिनचा शोध मुळात फोटोबॅक्टेरियम डॅमसेली पिसिसिडा या दुसऱ्याच मत्स्यरोगजनकात लागला. म्हणून २५ अंशांवर वाढवलेल्या जिवाणूची चाचणी १५ अंशांच्या पाण्यातल्या रोगाबद्दल दिशाभूल करू शकते. चाचणी रोग आला त्या तापमानाला करावी, हा आमचा ठाम आग्रह आहे.

सायडेरोफोरशिवायची वाटही विसरू नये. व्हिब्रिओ अँग्विलॅरममध्ये हीम (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा रेणू) थेट आत घेणारी यंत्रणा आहे, हुव-ए हा तिचा ग्राही, आणि तांबड्या पेशी फोडणारी हिमोलायसिनेही आहेत. एच७७५-३ मध्ये ही वाट शाबूत होती, तरी तो दुबळाच राहिला. हीम रक्तपेशींच्या आत हिमोग्लोबिनमध्ये बंद असते. तिथवर पोचायला आधी पुरेशी संख्या हवी, आणि संख्या वाढायला लोह हवे. सुरुवातीचे भांडवल सायडेरोफोरनेच उभे राहते. रोग बळावल्यावर मात्र तांबड्या पेशी फुटतात, हीम मोकळे होते, कल्ले फिके पडतात. हे फिके कल्ले पाहून पिंजऱ्यात किंवा तळ्यात लोहाचे टॉनिक देण्याची चूक अनेकदा होते. इथे रक्त कमी आहे ते लोह कमी पडले म्हणून नाही, पेशी फुटल्या म्हणून. अशा वेळी लोह देणे म्हणजे रोगजनकाला घास भरवणे. सामनच्या खाद्यात किलोमागे साधारण ६० मिलिग्रॅम आणि चॅनल कॅटफिशच्या खाद्यात ३० मिलिग्रॅम लोह पुरते. फिशमील आणि ब्लडमील असलेल्या खाद्यात ते बहुधा मुळातच त्याहून जास्त असते.

हाती आलेल्या वाणाची लोहयंत्रणा कशी तपासावी? पहिले शत्रू काचेची भांडी. धुतलेल्या फ्लास्कमध्येही एवढे लोह चिकटलेले असते की ‘लोहरहित’ माध्यमात जिवाणू आरामात वाढतो. भांडी ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून आयनविरहित पाण्याने अनेकदा विसळावीत. माध्यमात घालायच्या केसामिनो आम्लांमधले लोह ३ टक्के हायड्रॉक्सिक्विनोलीन घातलेल्या क्लोरोफॉर्मने काढावे आणि मग उरलेले हायड्रॉक्सिक्विनोलीन साध्या क्लोरोफॉर्मने धुवून टाकावे. दुसरा शत्रू पेशीतलाच साठा. टीएसबी (ट्रिप्टिक सोय ब्रॉथ) सारख्या समृद्ध माध्यमातून थेट घेतलेला जिवाणू फेरिटिनमधल्या शिल्लक लोहावर काही पिढ्या काढतो आणि चाचणी फसते. आधी लोहटंचाईच्या माध्यमात दोनदा तरी वाढवून घ्यावा.

टंचाई निर्माण करायला ईडीडीएचए हे लोह बांधणारे रसायन वापरतात, लघुतम माध्यमात सहसा काही मायक्रोमोलर. किती, हे आपल्याच माध्यमात उतरती-चढती मालिका लावून ठरवावे; दुसऱ्याचा आकडा उचलू नये. प्रत्येक मात्रेसोबत एक जोडनळी हवी : तेवढेच ईडीडीएचए, शिवाय जादा फेरिक क्लोराइड. तिथे वाढ परतली तरच अडथळा लोहाचा होता असे म्हणता येते. ती नळी नसेल तर ईडीडीएचए जिवाणूला अन्य मार्गाने बाधले की लोह कमी पडले, हे सांगता येत नाही.

सायडेरोफोर शोधायला १९८७ मधली श्विन आणि नीलँड्स यांची सीएएस चाचणी अजूनही सर्वांत कामाची. क्रोम अझुरॉल एस ६०.५ मिलिग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे, त्यात १० मिलिलिटर लोहद्रावण घालावे. हे द्रावण १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ मिलिमोलर फेरिक क्लोराइडचे असते. एचडीटीएमए हे डिटर्जंट ७२.९ मिलिग्रॅम ४० मिलिलिटर पाण्यात वेगळे विरघळवून पहिले मिश्रण ढवळत त्यात सोडावे. गर्द निळे १०० मिलिलिटर द्रावण तयार होते. ते वेगळेच निर्जंतुक करावे. मुख्य अगारमध्ये लिटरमागे ३०.२४ ग्रॅम पाइप्स बफर लागते. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून बाटली टाकून देऊ नये. सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ६.८ कडे नेला की विरघळते. अगार ५० अंशांच्या आसपास आल्यावर निळे द्रावण भांड्याच्या कडेने हळू ओतावे, फेस होऊ देऊ नये. समुद्री व्हिब्रिओसाठी १ ते २ टक्के मीठ घालायला विसरू नये. वसाहतीभोवती निळ्यातून केशरी किंवा जांभळट वलय उमटले म्हणजे रंगाकडचे लोह कुणीतरी ओढले.

वलय दिसले तरी घाई नको. एम-९ सारख्या माध्यमातला फॉस्फेट स्वतःच लोह बांधतो, म्हणून तो कमीत कमी ठेवावा. आम्ल सोडणारा जिवाणूही रंग बदलवतो. बफर कमी पडले तर हे घडते. सायट्रेटही फसवते. उलट एचडीटीएमए सोसत नसलेला जिवाणू सीएएसवर वाढतच नाही. त्याला ‘सायडेरोफोर नाही’ म्हणणे चूक. त्याला शेजारच्या साध्या अगारवर वाढवून त्याचा स्राव तपासावा.

कॅटेकॉल ओळखायला आर्नोची कसोटी आहे : जिवाणूरहित स्राव, अर्धा मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, मग नायट्राइट-मॉलिब्डेट, शेवटी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, प्रत्येकी १ मिलिलिटर आणि याच क्रमाने. आधी पिवळा आणि शेवटी लाल रंग आला तर कॅटेकॉल आहे. व्हिब्रिओच्या बाबतीत इथेच मोठा खड्डा आहे. एकटे डायहायड्रॉक्सिबेंझोइक आम्लही हीच लाली देते. पुढची जोडणी तुटलेला वाण ते आम्ल बाहेर टाकत असेल तर आर्नो होकारार्थी येईल आणि पूर्ण सायडेरोफोर मात्र नसेल. म्हणून ईडीडीएचए घातलेल्या अगारवर ज्याचा ग्राही माहीत आहे असा, स्वतः सायडेरोफोर न बनवणारा वाण पसरून त्यावर स्राव भिजवलेली कागदी चकती ठेवावी. चकतीभोवती वाढ झाली तर रेणू तोच, कारण ग्राही त्याच्याच मापाचा आहे.

ग्राही दिसावा असे वाटत असेल तर बाह्यपटलाची प्रथिने सार्कोसिल या डिटर्जंटने वेगळी करून जेलवर चालवावीत. लोह भरपूर आणि लोह कमी, असे दोन्ही नमुने शेजारी हवेत. ७७५ मध्ये लोह कमी असताना ८६ किलोडाल्टनची पट्टी येते, ती प्लाझ्मिडवरची. आणि ७९ किलोडाल्टनची येते, ती गुणसूत्रावरची. एच७७५-३ मध्ये दुसरीच उरते. लोह भरपूर असलेल्या नमुन्यात दोन्ही मावळतात.

लसीशी याचा थेट संबंध आहे. फॉर्मालिनने मारलेल्या जिवाणूच्या पाण्यात पिल्ले बुडवण्याची व्हिब्रिओसिसची लस १९७० च्या दशकापासून उत्तम काम करते, आणि ती मुख्यतः जिवाणूच्या बाहेरच्या शर्करावेष्टनाविरुद्ध प्रतिकार उभा करते. म्हणून सिरोगट बदलला की ती उघडी पडते. लोहग्राही हे अधिक टिकाऊ लक्ष्य ठरू शकते. पण समृद्ध माध्यमात वाढवलेल्या जिवाणूच्या अंगावर फॅट-ए नसतोच. तो लसीत हवा असेल तर लसीचा जिवाणू लोहटंचाईत वाढवावा लागेल, मग उत्पादन घटते आणि खर्च वाढतो. आमच्या मते ज्या रोगात सिरोगटांची गर्दी आहे तिथे हा खर्च सार्थकी लागतो.

कोकणात कोळंबीवर काम करणाऱ्यांसाठी या प्रकरणाचा एक धागा अगदी जवळचा आहे. हॅचरीत अंधारात चमकणारा, अळ्यांचा फडशा पाडणारा व्हिब्रिओ हार्वेयी सगळ्यांना ठाऊक आहे. २०१३ मध्ये दाखवले गेले की अँग्विबॅक्टिनची जनुके त्या गटातल्या बीएए-१११६ या वाणाच्या गुणसूत्रावरही आहेत. हा वाण आता व्हिब्रिओ कँपबेली समजला जातो. पीजेएम१ वरची यंत्रणा कदाचित अशाच गुणसूत्रावरून निघून प्लाझ्मिडवर चढली असावी. म्हणून तळ्यातल्या किंवा हॅचरीतल्या वाणात फॅट-ए वा अँग-आर पीसीआरवर सापडले, तर ‘पीजेएम१ आले’ असा अहवाल देऊ नये. आधी जात नक्की करावी, प्लाझ्मिड वेगळे काढून जेलवर पाहावे आणि ते जनुक खरोखर कशावर आहे याची खात्री करावी. मग त्या वाणाचा स्राव ईडीडीएचएच्या अगारवर चकतीवर ठेवून रेणू तयार होतो का आणि वापरला जातो का, ते पाहावे. सापडलेले जनुक निकामीही असू शकते. ७७५ च्या गुणसूत्रावरचे व्हॅब-एफ तसेच होते.